आडवे शब्द माझे, उभे तुझ्या अब्बांचे

मुकुटबन, ता. झरी जामणी
८ नोव्हेंबर

चि. सौ. गझाला हिस सदाशिवकाकाचे अनेक आशीर्वाद, आणि तुमच्या रिवाजाप्रमाणे सलाम-दुआ.

(पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालावा की ७८६, या विचारात माझा अर्धा तास गेला. हल्ली असल्या गोष्टींचे लोक स्क्रीनशॉट काढतात. शेवटी नुसता पिन कोड घातला. एकतीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाचा तोच देव, आणि तो अजून कोणत्याही बाजूला गेलेला नाही.)

इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या बेबीकाकूचे गुडघे दुखतात, पण तोंड व्यवस्थित चालतं. माझ्या पायाचं प्लास्टर मागच्या मंगळवारी निघालं. आतून जो पाय निघाला तो माझाच आहे असं डॉक्टर म्हणाले, मी विश्वास ठेवला. (हल्ली मी विश्वास ठेवण्यापूर्वी एकदा हात लावून पाहतो. कारण पुढे येईलच.) तू, जावईबापू फैज आणि तुझ्या कॉलेजातली पोरं खुशाल असाल. तुझ्या अब्बांचा उजवा डोळा आधी झाला आणि डावा तीन आठवड्यांपूर्वी, दोन्ही मोतीबिंदू नीट निघाले, डॉक्टरांनी अजून वाचायला मनाई केली आहे, काळा चष्मा घालून ते तुझ्या पडवीत खुर्ची टाकून बसतात, असं अब्रार सांगतो. मी विचारलं नव्हतं. मी फक्त सकाळ, दुपार, संध्याकाळ दुकानासमोरून जातो, आणि तुझ्या भावाला उगाच बोलत सुटायची सवय आहे.

मागच्या रविवारी तू बेबीकाकूला फोन करून विचारलंस, "काकाजीचं आन् अब्बाचं झालं तरी काय? अब्बा तोंडच उघडत नाईत. आता तं म्हणून राह्यले, दुकान अब्रारलेच देऊन टाकतो आन् मी इथीच यवतमाळले राह्यतो." बेबीकाकूने फोन माझ्याकडे दिला नाही (मला हल्ली फोनला हात लावायची बंदी आहे, तेही पुढे येईल), ती म्हणाली, "त्याईलेच लिहाले लावतो." म्हणून हे पत्र. सगळी हकीकत मी निःपक्षपातीपणे देणार आहे, म्हणजे टीव्हीवर सांगतात तशी नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो की तुझे अब्बा मुकुटबन कायमचं सोडून यवतमाळला राहिले, तर मला त्याचं काहीही वाटत नाही. हे मी बेबीकाकूलाही रोज स्पष्ट करतो. ती म्हणते, "जेवताना तरी नका सांगत जाऊ."

तुला लहानपणीचं आठवत असेल. आपल्या दोन घरांत मिळून एक पेपर यायचा. नऊच्या एसटीने गठ्ठा उतरायचा, आणि तुझ्या अब्बांच्या दुकानापुढच्या बाकावर (फवारणीचे पंप दुरुस्त करून मिळतील, उधारी बंद आहे, ही पाटी त्याच्या डोक्यावर) तो पेपर मी उघडायचो. बाहेरची पानं माझी, आतली त्यांची. बाहेर खून, अपघात आणि मंत्री, आत अग्रलेख आणि शब्दकोडं. दुपारी बाराला अदलाबदल. शब्दकोड्याचा करार असा, की आडवे शब्द मी भरायचे आणि उभे त्यांनी. उभे शब्द अवघड असतात आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं त्यांचं म्हणणं. (सातवीत आम्ही सद्या आणि नबी होतो, मराठीत त्यांचा पहिला नंबर आला होता आणि मी काठावर पास झालो होतो, हे खरं आहे. पण यावरून चाळीस वर्षं बोलत राहायचं म्हणजे काय?) मी पेनने लिहायचो, कारण माझं चुकत नाही. ते पेन्सिलीने लिहायचे, ती पेन्सिल कायम त्यांच्या उजव्या कानावर असायची, आणि माझा शब्द त्यांच्या शब्दात बसला नाही की म्हणायचे, "सद्या, गिरव आता. पेनावर पेन गिरव. चुकलो म्हणू नको, गिरव." आमची शब्दकोडी डांबरी रस्त्यासारखी काळी व्हायची, पण पूर्ण व्हायची.

राजकारणाचंही तेच. ते ज्याला चांगला म्हणत त्याला मी चोर म्हणायचो. दहा ते बारा भांडण, बाराला पानांची अदलाबदल, मग चहा. प्रत्येक निवडणुकीत आम्ही दोघं एकाच स्कूटरवर केंद्रावर गेलो, एकमेकांचं मत रद्द करून आलो आणि येताना कांदाभजी खाल्ली. लोकशाहीला आमचा काडीचा उपयोग झाला नाही, पण तोटाही झाला नाही, असं अजून किती लोक सांगू शकतील?

मग मागच्या दिवाळीत आमच्या कपिलने नागपूरहून टीव्ही पाठवला. खाटेएवढा. आधीच्या टीव्हीत बातम्या देणारा माणूस हातभर होता आणि आपण त्याच्यापेक्षा मोठे आहोत असं वाटायचं. या टीव्हीत तो माझ्याएवढा निघाला, आणि माझ्यापेक्षा चिडलेला. रात्री आठ वाजता तो यायचा आणि थेट माझ्याकडे बोट दाखवून विचारायचा, "तुम्ही अजूनही गप्प बसणार आहात का?" मी गप्पच बसलेलो असायचो, कारण बेबीकाकू पोळ्या करत असायची आणि तिच्यापुढे बोलायची सोय नाही. पण मनातून मी पेटायचो. माझ्या वतीने इतकं रागावलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं. बेबीकाकू रागावते, पण ती माझ्यावर. आधी मला एक मत तयार करायला दोन दिवस लागायचे, त्यात तुझ्या अब्बांनी मोडता घातला की चार. आता ते तयार मिळू लागलं, गरम, पडद्यावर खाली लाल पट्टीत लिहून. त्यावर लोकांचा कौल घ्यायचे, 'होय' किंवा 'नाही' असा मेसेज पाठवा म्हणून. मी प्रश्न पूर्ण होण्याआधीच 'होय' पाठवायचो. थोड्या वेळाने एक्क्याण्णव टक्के जनता माझ्यासारखीच संतापलेली निघाली, की अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याच सुमारास कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. बेबीकाकू रोज म्हणायची, "वावरात जाऊन पाहा तरी." मी म्हणायचो, देशापुढे याहून मोठे प्रश्न आहेत. कुठल्याशा समुद्रात कोणाचं तरी जहाज शिरलं होतं आणि मला झोप नव्हती. (तो समुद्र नकाशात कुठे आहे ते तुझ्या शाळेच्या जुन्या ॲटलासमध्ये शोधायचं राहूनच गेलं.) अळीला मात्र देशाचं काहीच पडलेलं नव्हतं. तिने निम्मी बोंडं खाल्ली, आणि त्यावर आठ वाजता कोणी एक शब्द काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. त्यात 'जागृत मुकुटबन' नावाच्या ग्रुपमध्ये मला कोणीतरी घातलं. तिथे पहाटे पाचला गुलाबाचं फूल यायचं आणि सव्वापाचला तलवार. मी सकाळची सगळी कामं आटोपायच्या आत चार ठिकाणी जागृती पाठवलेली असायची.

पण गझाला, तुझे अब्बाही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. अब्रारने त्यांना नवा फोन घेऊन दिला होता. ज्या कानावर पेन्सिल असायची त्याच कानात आता वायर दिसू लागली. त्यांच्या फोनमध्ये निराळाच देश होता. माझ्या देशात सगळं उत्तम चाललं होतं आणि काही लोक ते बिघडवत होते. त्यांच्या देशात सगळं बिघडलं होतं आणि ते उत्तम चाललंय असं काही लोक सांगत होते. हे दोन्ही देश रोज नऊ वाजता एकाच बाकावर येऊन बसायचे. पेपर यायचा, बाहेरची पानं मी घ्यायचो, आतली ते घ्यायचे, आणि दोघंही मांडीवर पेपर ठेवून आपापल्या फोनमध्ये पाहायचो. बाराची अदलाबदल कधी बंद पडली ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही पूर्वीही भांडायचो, पण तेव्हा भांडता-भांडता तुझे अब्बा विचारायचे, "चाय सांगू का?" आता आम्ही टीव्हीतल्यासारखे भांडायचो, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलायचो. त्यात चहा कोण सांगणार?

आता ती तारीख. बावीस ऑगस्ट. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि आपल्या गावाबाहेरच्या नाल्यावरच्या पुलाचं काहीतरी झालं होतं. काय झालं होतं यावर वाद. माझ्या ग्रुपवर फोटो आला, 'पूल ठणठणीत, अफवांवर विश्वास ठेवू नका.' पांढराशुभ्र पूल, दोन्ही बाजूंना रंगवलेले कठडे, मागे नारळाची झाडं. (मुकुटबनात नारळ फक्त फोडायला येतो. झाडं मला दिसली नाहीत असं नाही. दिसली. मला वाटलं, विकास.) तुझ्या अब्बांच्या फोनवर व्हिडिओ आला, 'अख्खा पूल वाहून गेला, गावांचा संपर्क तुटला.' त्यात समुद्राएवढं पाणी होतं आणि एक हत्ती वाहत चालला होता. आपल्या नाल्यात म्हैस बसली तर पाणी अडतं, तिथे हत्ती. तरी तुझे अब्बा, अख्ख्या तालुक्याचे पंप नुसते कानाने ऐकून दुरुस्त करणारा माणूस, मला म्हणतात, "व्हिडिओ झूट हाये का मंग?"

पूल दुकानापासून आठशे पावलांवर आहे. मी पोस्टमन होतो, मला पावलं ठाऊक आहेत. पण पाहायला कोणी गेलं नाही. पाहायला जाणं म्हणजे आपल्या बाजूवर अविश्वास दाखवणं, आणि तो अपमान आम्हा दोघांनाही सोसला नसता. म्हणून बाकावर बसूनच आम्ही पुलाचा निकाल लावत होतो. पंप घेऊन आलेले पाच-सहा जण गोल करून उभे होते, त्यामुळे आवाज वाढला. मी हात उचलला, बोट रोखलं, आणि माझ्या तोंडून वाक्य निघालं, "तुम्हा लोकांना या देशाचं चांगलं झालेलं पाहवतच नाही."

ते वाक्य माझं नव्हतं. ते रात्री आठचं होतं. बोटसुद्धा आठचंच होतं. पण तोंड माझं होतं आणि समोर तुझे अब्बा होते, ज्यांनी माझ्या वडिलांच्या तिरडीला खांदा दिला होता आणि कपिलला सायकल शिकवली होती. तुझ्या अब्बांनी कानातली वायर काढली. मांडीवरची आतली पानं घेतली, चार घड्या घालून बाकावर ठेवली. कानावर चुकून राहिलेली पेन्सिल काढून तिच्यावर ठेवली. मग म्हणाले, अगदी हळू आवाजात,

"सद्या, मी तं इथी एकलाच बसलो हावो. लोक कुठी दिसून राह्यले तुले?"

आणि आत जाऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. ऐन फवारणीच्या हंगामात, भर दुपारी. मी जमलेल्यांकडे पाहून म्हणालो, "पाहा, पळाले." दोघांनी टाळ्या वाजवल्या. गझाला, मला जन्मात कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या मिळाल्या तेव्हा मी आधी त्या अर्ध्या शटरकडे पाहिलं, हे मी तुलाच सांगतो, बेबीकाकूलाही सांगितलेलं नाही.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन माफी मागितली असती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पूल सिद्ध करायला गेलो. (माणूस चुकला की दोन रस्ते असतात, मी नेहमी दुसरा घेतो.) फेसबुकवर थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं. मोबाइल तोंडासमोर धरला आणि पुलावर चालू लागलो. मी पूल पडद्यातच पाहत होतो, पण मोबाइल उलटा धरल्यामुळे पडद्यात फक्त माझंच तोंड होतं. ते मला फार रुबाबदार वाटलं. मी म्हणालो, "मित्रहो, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, हा पूल आपल्या डोळ्यांनी पाहा," आणि 'डोळ्यांनी'पाशी पूल संपला.

खाली कमरेएवढं पाणी आणि त्याखाली गुडघाभर गाळ. उजव्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मोबाइल मात्र वरच पडला आणि आभाळाचं थेट प्रक्षेपण करत राहिला, त्यामागे माझी बोंब. सुरुवातीला अकरा जण पाहत होते, त्यातल्या नऊ जणांनी अंगठा दाखवला. नंतर ते सगळीकडे फिरलं. तुझ्या अब्बांच्या बाजूचे म्हणाले, हा घ्या पुरावा, पूल नाहीच. माझ्या बाजूचे म्हणाले, हा भाडोत्री नट आहे, पडताना चप्पल आधी कशी काय निघाली ते पाहा, आणि माझ्या चपलेभोवती कोणीतरी लाल गोल काढला. 'जागृत मुकुटबन'मधून मला काढून टाकलं तेव्हा मी अजून गाळातच होतो. म्हणजे नाल्यात पडलो तेव्हा मी एका बाजूचा होतो आणि बाहेर निघेपर्यंत दुसऱ्या बाजूचा झालो होतो. मधल्या वेळात मी फक्त 'बेबी, बेबी' असं ओरडलो होतो, त्यात राजकारण काहीच नव्हतं.

मला वर काढलं ते तांड्यावरच्या जमनीने. ती बकऱ्या घेऊन चालली होती. काठी खाली सोडून, मला धरायला लावून, ती म्हणाली, "काकाजी, इकून काहून गेले? पूल अर्धा हाये ना. उजवं अंग वाहून गेलं, डावं शाबूत हाये. तीन दिवस झाले, सारे डाव्या अंगानं जाऊन राह्यले. बकऱ्याईले बी ठावं हाये. डोयानं पाह्यलं नाई का?" मी तिला सांगितलं, ग्रुपवर तसं नव्हतं. तिने विचारलं, "ग्रुप म्हंजे कोन?" गाळातून निघालेल्या माणसाला व्याख्या सुचत नाहीत.

आणि त्याच सकाळी फैज जावई गाडी घेऊन तुझ्या अब्बांना डोळ्यांसाठी यवतमाळला न्यायला आले होते. फोनप्रमाणे पूल अख्खा गेला होता, म्हणून तुझ्या अब्बांनी त्यांना वणीवरून लांबचा फेरा घ्यायला लावला. (जावयांनी त्या फेऱ्याबद्दल तुझ्याकडे कुरकुर केली असेल, तर ती ग्राह्य धर.) माझ्या फोनप्रमाणे पूल होता म्हणून मी त्यावरून गेलो आणि त्यांच्या फोनप्रमाणे नव्हता म्हणून ते आले नाहीत. नाहीतर डाव्या बाजूने जाताना त्यांना मी उजव्या बाजूला दिसलोच असतो. त्यांनी गाडी थांबवली असती, मला वर ओढलं असतं आणि ओढताना चार शिव्या दिल्या असत्या. त्या शिव्यांवर सगळं मिटलं असतं.

संध्याकाळी दवाखान्यात दुसऱ्या बाजूचे लोक हार आणि फोटोवाला घेऊन आले. मी 'भ्रष्ट पुलाचा पहिला बळी' ठरलो. (मी जिवंत आहे हे मी दोनदा सांगितलं.) खोटं कशाला बोलू, हार जाड होता, झेंडूचा, आणि दोन दिवस मला त्यांचीही मतं अगदी मनापासून पटली. तिसऱ्या दिवशी ते कोणाच्या तरी दुसऱ्या पायाकडे गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की वर्षभर मी ज्यांना माझी मतं म्हणत होतो ती भाड्याने आणलेल्या मांडवासारखी होती. कार्यक्रम झाला, ते घेऊन गेले, आणि खाली आपली जमीन तशीच, नुसते खांबांचे खड्डे.

आता बेबीकाकूने टीव्हीवर चादर घातली आहे, मेलेल्या माणसावर घालतात तशी. माझा मोबाइल तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे आणि डबा तिच्या डोक्याशी. घरात पुन्हा तोच पेपर येतो. आतली पानंही मीच घेतो, बाहेरचीही मीच घेतो, बाराला स्वतःशीच अदलाबदल करतो. शब्दकोड्यात आडवे शब्द भरतो. उभे भरत नाही, करार आहे. आणि एक गंमत लक्षात आली आहे. उभे शब्द भरणारं कोणी नसलं, की आडवा शब्द कधीच चुकत नाही. मागच्या गुरुवारी 'दक्षिणेतील एक नदी' (पाच अक्षरं) होती. मी 'मुकुटबन' लिहिलं. बसलं. कोणी हरकत घेतली नाही, कोणी गिरव म्हणालं नाही. पूर्ण दिवस मी त्या नदीकडे पाहत होतो.

असो. हकीकत संपली. तुझ्या अब्बांना माझा काही निरोप नाही. त्यांनी यवतमाळला राहावं, तिथे हवा चांगली आहे, दवाखाने जवळ आहेत, आणि चर्चेला शिकलेली माणसं मिळतात. मुकुटबनात काय आहे? फैज जावयांना नमस्कार. मुलांना गोड पापा. चूकभूल पोस्टाची समजावी.

तुझा,
सदाशिवकाका

ता.क. हे पत्र अब्बांना मुळीच वाचून दाखवू नकोस.

ता.क. २. तू लहानपणापासून पत्र मोठ्याने वाचतेस, हे मला माहीत आहे (तुझ्या दारात पत्रं मीच टाकत होतो). त्यांची खुर्ची पडवीत आहे आणि कान त्यांचे उत्तम आहेत. तेव्हा वरची सूचना उशिरा पोहोचली असेल तर माझा नाइलाज आहे. फक्त हत्तीचा भाग सावकाश वाच.

ता.क. ३. झेडपीची निवडणूक तोंडावर आली आहे. तुझ्या अब्बांचं नाव अजून इथल्याच यादीत आहे, मी स्वतः पाहून आलो. ते आले नाहीत तर माझं मत रद्द कोण करणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरोखर मोजलं जाईल, आणि सध्या मला स्वतःचं असं काही मत नाही. देशाच्या हिताचा प्रश्न आहे. बाकी काही नाही.

ता.क. ४. परवा काठी टेकत पुलापर्यंत गेलो. आठशे पावलं, आता अकराशे होतात. अजून अर्धाच आहे. उजव्या बाजूला एक पिंप ठेवून त्यावर लाल फडकं बांधलं आहे. एका पेपरात 'दुरुस्ती पूर्ण' आलं आणि दुसऱ्यात 'पिंपही वाहून गेलं'. पिंप आहे, मी हात लावून पाहिलं. फैज जावयांना सांग, गाडी डाव्या अंगाने घ्या, सरळ गावात याल. वणीचा फेरा घ्यायची गरज नाही.

ता.क. ५. सोबत जाड पाकीट आहे. त्यात शहात्तर शब्दकोडी आहेत (दोन दिवस पेपरला सुटी होती). आडवे भरले आहेत, उभे कोरे आहेत. अब्बांचे डोळे वाचायला लागले, की त्यांच्यापुढे ठेव. नद्यांची त्यांना लाज वाटेल. सगळ्यांत वर बावीस ऑगस्टची आतली पानं आहेत, त्यांनी घातलेल्या चार घड्या तशाच आहेत, मी उघडली नाहीत.

ता.क. ६. त्यांनी मला विचारलं होतं, लोक कुठे दिसतात म्हणून. अठ्ठ्याहत्तर दिवस पाहतो आहे. खाटेवरून पाहिलं, आता रोज बाकावर बसून पाहतो. लोक नव्हतेच, नबी. एकटा तूच होतास, आणि आता तूही नाहीस. माझं चुकलं. पेनने लिहितो आहे, गिरवलेलं नाही.

ता.क. ७. पेन्सिल पाकिटात घातलेली नाही. ती टपालात मोडते, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. ज्याची असेल त्याने बाकावर येऊन घेऊन जावी. चहा मी सांगीन.